कचरा उचलणाऱ्या कंपनीला ‘मॉडर्न स्लेव्हरी स्टेटमेंट’ कशाला लागतं?

ब्रिटनमधल्या कुठल्याही मोठ्या कंपनीची वेबसाइट उघडा आणि स्क्रोल करत अगदी तळाला जा, प्रायव्हसी, कुकीज वगैरेच्या रांगेत ‘मॉडर्न स्लेव्हरी स्टेटमेंट’ नावाची एक लिंक दिसते. बँकेच्या नाहीतर सुपरमार्केटच्या साइटवर ती असली तर आपण म्हणतो असेल काहीतरी कायदेशीर. पण घरातला जुना सोफा, बंद पडलेला फ्रिज, बिल्डरचा राडारोडा उचलून नेणाऱ्या वीस-पंचवीस व्हॅनच्या कंपनीच्या साइटवरही ती असते आणि तिथे माणूस बुचकळ्यात पडतो. कचऱ्याचा आणि गुलामगिरीचा काय संबंध?

पुण्या-मुंबईत आयटीत किंवा एक्स्पोर्टमध्ये असलेल्यांना हीच भानगड दुसऱ्या टोकाकडून माहीत असते. ब्रिटिश क्लायंटकडून एक लांबलचक प्रश्नावली येते, त्यात “कामगारांचे पासपोर्ट कोणाकडे असतात”, “नोकरी मिळवण्यासाठी कामगाराने कोणाला पैसे दिले का” असले प्रश्न असतात, आणि आपला ॲडमिनवाला चहा पिता पिता सगळीकडे ‘लागू नाही’ टाकून ती परत पाठवतो. हा लेख त्या प्रश्नांमागे काय आहे त्याबद्दल आहे, आणि उदाहरण कचऱ्याच्या धंद्याचंच घेतलंय कारण तिथे हा प्रकार खरोखर घडलाय, कोर्टात सिद्ध झालाय.

गुलामगिरी, आणि तीपण ब्रिटनमध्ये?

साखळदंड, चाबूक, लिलाव हे डोक्यातून काढून टाका. आज ज्याला मॉडर्न स्लेव्हरी म्हणतात त्यात माणूस वरवर मोकळाच असतो, सकाळी बसने कामाला जातो, हेल्मेट घालतो, संध्याकाळी परत येतो. फक्त त्याला ते काम सोडता येत नाही. धमकी, कर्ज, फसवणूक, काढून घेतलेली कागदपत्रं, नाहीतर “पोलिसांकडे गेलास तर तुलाच आत टाकतील” ही भीती, यातल्या कशाने तरी तो बांधलेला असतो. एवढीच व्याख्या लक्षात ठेवली तरी पुढचं सगळं समजेल.

ब्रिटनने यासाठी २०१५ मध्ये मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट केला. गुलामगिरी, जबरदस्तीची मजुरी आणि माणसांची तस्करी हे गुन्हे त्यात एकत्र आणले आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ मध्ये दिलेला अंदाज असा, की जगात साधारण ५ कोटी माणसं अशा अवस्थेत आहेत, त्यातली जवळजवळ २.८ कोटी जबरदस्तीच्या मजुरीत आणि बाकीची बळजबरीच्या लग्नात. ब्रिटनमध्ये संशयित पीडितांची नोंद करायची एक सरकारी व्यवस्था आहे, तिच्याकडे २०२३ या एका वर्षात १७ हजार लोकांची नावं आली. आणि त्यात सगळ्यात मोठा गट कोणाचा होता? ब्रिटिश नागरिकांचाच. म्हणजे हे फक्त बाहेरून आलेल्यांचं दुखणं आहे असं म्हणायची सोय नाही.

“पण पगार मिळतो ना त्यांना? आणि आले तर मर्जीनेच ना?”

हा पहिला आक्षेप असतोच, आणि महाराष्ट्रात याचं उत्तर द्यायला लांब जायला नको. ऊसतोडीला जाणारं जोडपं दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल घेतं, मर्जीनेच घेतं, अंगठाही देतं. मग हंगामभर कोयता चालवून जे होतं त्यातून उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते, आणि ती फिटेपर्यंत दुसऱ्या मुकादमाकडे जायची सोय नसते. कोणी कोणाला बांधून ठेवलेलं नाही पण सोडूनही जाता येत नाही. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असं मी म्हणत नाहीये, पण जिथे कर्जच माणसाला धरून ठेवतं तिथे मर्जीने आला का जबरीने आला या प्रश्नाला फार अर्थ उरत नाही.

ब्रिटिश कायद्यात तर हे स्पष्टच लिहिलंय की पीडित माणसाने संमती दिली होती एवढ्यावरून गुन्हा घडलाच नाही असं ठरत नाही. आणि आपलं सुप्रीम कोर्ट या बाबतीत फार आधी पुढे गेलंय. १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात कोणाकडून काम करून घेणं हीदेखील घटनेच्या कलम २३ खाली जबरदस्तीची मजुरी आहे, कारण पोटाची भूक हीपण एक जबरदस्तीच असते. एवढा निकाल आपल्याकडे असून आपण ब्रिटिश प्रश्नावलीत ‘लागू नाही’ लिहितो, असो.

बर्मिंगहॅमच्या आसपास काय झालं

आता खरी केस. पोलिसांनी तिला नाव दिलं होतं ऑपरेशन फोर्ट.

पोलंडमध्ये बस स्टँडवर, बेघरांच्या निवाऱ्यात, तुरुंगाच्या दारात काही लोक माणसं हेरायचे. नुकता सुटलेला, दारूत बुडालेला, घरच्यांनी टाकलेला, असा कोणीतरी. इंग्लंडमध्ये चांगला पगार, राहायला घर, बसचं तिकीटपण आम्हीच काढतो. माणूस बसमध्ये बसला की तिकिटाचे पैसे त्याच्या नावावर कर्ज. पोहोचला की वेस्ट ब्रॉमविच, वॉल्सॉल, स्मेथविक अशा बर्मिंगहॅमजवळच्या गावांतल्या पडक्या घरांत दाटीवाटीने राहायचं, त्याचं भाडंही कर्जातच. एका घरात गळका संडास जुनी दुलई कोंबून बंद केला होता. एकाला अंघोळीला पाणीच नव्हतं म्हणून तो कॅनॉलवर जाऊन अंग धुवायचा.

मग टोळीतलं कोणीतरी त्यांना बँकेत घेऊन जाणार, दुभाषा म्हणून स्वतःच बोलणार, खातं उघडणार आणि कार्ड आपल्या खिशात टाकणार. नोकरीपण खरीच, एजन्सीमार्फत, कचरा वेगळा करायच्या प्लँटमध्ये, शेतावर, टर्की साफ करायच्या कारखान्यात. म्हणजे कंपनीने एजन्सीला पैसे दिले, एजन्सीने पगार खात्यात टाकला, पगाराची स्लिपपण निघाली, सगळं कागदावर चोख, आणि एटीएममधून पैसे काढणारा माणूस मात्र भलताच. एकाने टोळीतल्या एकाचं घर रंगवून दिलं तर त्याची मजुरी काय, कॉफी आणि एक कोंबडी. २०१२ ते २०१७ या काळात टोळीने यातून साधारण २० लाख पौंड कमावले असं तपासात निघालं.

हे उघड कसं झालं तर २०१५ मध्ये दोघेजण निसटले आणि होप फॉर जस्टिस या संस्थेपर्यंत पोहोचले, त्यांनी पोलिसांना कळवलं. कुठल्या ऑडिटमध्ये सापडलं नाही, कुठल्या कंपनीच्या एचआरला दिसलं नाही. २०१९ मध्ये पाच पुरुष आणि तीन बायका अशा आठ जणांना झालेली शिक्षा जाहीर झाली, म्होरक्याला ११ वर्षं. पोलिसांच्या अंदाजाने एकूण पीडित ४०० च्या वर होते आणि ब्रिटनमधली या प्रकारची ती सगळ्यात मोठी केस मानली जाते. पुढच्याच वर्षी तिथल्या अँटी स्लेव्हरी कमिशनरने खास या केसमधून कंपन्यांनी काय शिकावं यावर एक अहवाल काढला, आणि त्यात जे आहे ते वाचून खरं सांगतो, डोकं धरावंसं वाटतं. खुणा सगळ्या फाइलमध्येच होत्या. अनेक कामगारांचा पत्ता एकच, अनेकांचा पगार एकाच बँक खात्यात, मोबाइल नंबरही तेच तेच. कोणी एकत्र बघितलंच नव्हतं.

कचऱ्याचाच धंदा का?

कारण कोणाला ते काम नको असतं. मिश्र कचरा जिथे वेगळा करतात त्या प्लँटमध्ये एक लांब सरकता पट्टा असतो, त्यावरून पिशव्या, डबे, काचा, लहान मुलांचे वापरलेले डायपर, कधी कधी इंजेक्शनच्या सुया वाहत येतात आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं हाताने वेचतात. वास, धूळ, आवाज. भाषा यायची गरज नाही, अनुभव लागत नाही, माणसं टिकत नाहीत त्यामुळे दर आठवड्याला नवी लागतात, ती एजन्सी पुरवते, आणि प्लँट गावाबाहेर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जिथे शिफ्टला जायला टोळीच्या गाडीशिवाय पर्याय नाही.

शिवाय धंद्याला आधीपासूनच चोरट्यांची कीड आहे. इंग्लंडच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या २०२३ मधल्या अंदाजाप्रमाणे तिथला साधारण १८ टक्के कचरा बेकायदेशीर वाटेने जात होता, तिच्या एका प्रमुखांनी तर कचऱ्याच्या गुन्हेगारीला नवीन ड्रग्जचा धंदा म्हटलं होतं.

आणि एक मोठं भोक कायद्यातच राहिलंय. २००४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या मोरकॅम्बच्या किनाऱ्यावर शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर रात्री भरतीच्या पाण्यात बुडून मेले, त्यानंतर मजूर पुरवणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. पण कुठे? शेती, बागायत, शिंपले आणि खाद्यपदार्थ प्रक्रिया एवढ्यातच. कचऱ्याच्या प्लँटला माणसं पुरवायला तो परवाना लागत नाही. म्हणजे कोबी कापायला माणसं द्यायची तर लायसन्स, आणि कुजलेला कोबी वेचायला द्यायची तर नाही.

“आम्ही एजन्सीला पैसे दिले, पुढचं आम्हाला काय माहीत?”

हा दुसरा आक्षेप, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बऱ्याच मालकांना खरंच माहीत नसतं. लग्नातल्या केटरिंगचं बघा. तुम्ही केटररला ताटामागे ठरलेले पैसे दिले, त्याने वाढपी आणायचं काम दुसऱ्याला दिलं, त्या दुसऱ्याने तिसऱ्याला फोन करून वीस पोरं मागवली, आणि तुमच्या पानात जिलबी वाढणाऱ्या पोराला त्या रात्री तीनशे मिळाले, शंभर मिळाले की नुसतं उरलेलं जेवण मिळालं हे तुम्हाला माहीत नाही, केटररलाही माहीत नाही. यात कोणीच खोटं बोललेलं नाही. पण ते पोर तुमच्याच मांडवात उभं आहे ना?

कचऱ्याच्या कंपनीत अशा दोन दिशा असतात. एका बाजूला माणसं पुरवणारे, म्हणजे एजन्सी, एजन्सीला पुरवणारी एजन्सी, आणि गर्दीच्या दिवसात बोलावलेला ‘एक व्हॅन दोन माणसं’वाला सबकॉन्ट्रॅक्टर. दुसऱ्या बाजूला वस्तू पुरवणारे, हातमोजे, युनिफॉर्म, बूट, व्हॅन धुणारे, ऑफिस झाडणारे. यालाच सप्लाय चेन म्हणतात. धोका बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकात नसतो, एक-दोन पायऱ्या खाली असतो.

मग ते स्टेटमेंट काय करतं?

कायद्यात कलम ५४ आहे. ज्या कंपनीची वर्षाची उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा जास्त आहे तिने दरवर्षी जाहीर करायचं की आपल्या कामात आणि सप्लाय चेनमध्ये गुलामगिरी असू नये म्हणून आपण काय केलं. संचालक मंडळाने ते मंजूर करायचं, एका डायरेक्टरने सही करायची, वेबसाइटच्या पहिल्या पानावर लिंक द्यायची.

ऐकायला बरं वाटतं. पण त्याच कलमात असंही आहे की कंपनी “आम्ही काहीही पावलं उचलली नाहीत” असं स्टेटमेंट देऊ शकते, आणि तेही कायद्याने चालतं! थेट दंडाची तरतूद नाही, फार तर मंत्री कोर्टातून आदेश आणू शकतो. त्यामुळे झालं काय की बऱ्याच जणांनी एकमेकांचं कॉपी पेस्ट केलं, ‘शून्य सहनशीलता’ वगैरे शब्द टाकले आणि विषय संपवला.

छोट्या कंपनीची उलाढाल त्या आकड्याच्या जवळपासही नसते, मग ती का लिहिते? गिऱ्हाइकांमुळे. नगरपालिका, हॉस्पिटलं, मोठे बिल्डर टेंडरमध्ये ते मागतात. २०२३ चा प्रोक्युरमेंट ॲक्ट फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालाय, त्यात गुलामगिरीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या कंपनीला सरकारी कामातून बाहेर ठेवायची तरतूद आहे. तेव्हा धंदा हवा असेल तर कागद हवा. माझं मत विचाराल तर तो कागद वाचण्यात वेळ घालवू नये, पगाराची फाइल बघावी.

पगाराची फाइल कशी बघायची

हे अगदी साधं काम आहे आणि त्याला सल्लागार लागत नाही. सगळ्या कामगारांची, एजन्सीच्या लोकांचीसुद्धा, एक यादी एक्सेलमध्ये घ्या. नाव, पत्ता, मोबाइल, बँक खातं, अडचणीत कोणाला कळवायचं त्याचा नंबर. प्रत्येक कॉलम सॉर्ट करा आणि डुप्लिकेट बघा. दोन वेगळ्या आडनावांचा पगार एका खात्यात जातोय? थांबा आणि विचारा. अकरा जणांचा आपत्कालीन नंबर एकच आहे? हा कोण एवढा जवळचा माणूस? खात्यावरचं नाव आणि कामगाराचं नाव जुळत नाही? पगार कोणाच्याही “मित्राच्या” खात्यात टाकायचा नाही हा नियम करून टाकायचा, अपवाद नाही.

एजन्सी यादी देत नाही म्हणाली तर तेच उत्तर समजायचं. एजन्सीच्या करारात हे आधीच घालून ठेवावं लागतं की आम्ही न सांगता येऊन तुमचं रेकॉर्ड बघू, कामगाराकडून नोकरीसाठी एक पेनीही घेतली जाणार नाही, भरतीचा सगळा खर्च मालकाचा, आणि आम्हाला न विचारता पुढे दुसऱ्या एजन्सीकडून माणसं आणायची नाहीत. यातला नोकरीसाठी पैसे न घेण्याचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो मला, कारण बहुतेक बंधनं त्या पहिल्या कर्जातूनच सुरू होतात. भारतातून केअर वर्करच्या व्हिसावर गेलेल्या कित्येकांचं तेच झालं, एजंटला लाखो रुपये देऊन गेले आणि तिथे मालक कसाही वागला तरी कर्ज डोक्यावर म्हणून तोंड उघडता येईना.

कागदपत्रं तपासताना मूळ पासपोर्ट बघायचा आणि लगेच त्या माणसाच्या हातात परत द्यायचा. त्याच्याबरोबर आलेला कोणी त्याच्या वतीने सगळं बोलत असेल तर त्याला बाहेर बसवायचं आणि फोनवरचा दुभाषा घ्यायचा, पैसे जातात थोडे पण जाऊ दे. पगाराची स्लिप त्याच्या भाषेत समजावून सांगायची. मदतीच्या हेल्पलाइनचं पोस्टर संडासाच्या दाराला आतल्या बाजूने लावायचं, कारण नोटीस बोर्डासमोर उभं राहून नंबर लिहून घेताना कोणीतरी बघत असतं. तो नंबर ०८००० १२१ ७०० आहे, ब्रिटनमध्ये कोणी ओळखीचं असेल तर कळवून ठेवा.

आणि सुपरवायझर. खरं म्हणजे सगळं तोच बघतो. कोण रोज तेच कपडे घालून येतं, कोणाकडे डबा नसतो, कोण दुखापत झाली तरी डॉक्टरकडे जायला नको म्हणतं, कोणाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही, कोणाला सुट्टीच्या दिवशीपण कोणीतरी सोडायला आणि न्यायला येतं. त्याला एक तासाचं ट्रेनिंग द्या आणि त्याने काही सांगितलं तर त्याची चेष्टा करू नका.

स्वस्त कोटेशनचा हिशोब

सबकॉन्ट्रॅक्टरच्या बाबतीत फाइल मिळणं अवघड असतं, तिथे रेट बोलतो. एप्रिल २०२५ ला ब्रिटनमध्ये २१ वर्षांवरच्यांचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. दोन माणसं, जाऊन येऊन, भरून, खाली करून तीन तास धरा, ७३ पौंड झाले. अर्धा टन कचरा आहे आणि सगळा लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरायच्या जागेत, गेला असं धरलं तर टनाला १२६.१५ पौंड या त्याच वर्षीच्या दराने नुसता करच ६३ पौंड. झाले १३६. यात डिझेल नाही, व्हॅन नाही, इन्शुरन्स नाही, डंपिंगच्या जागेचे पैसे नाहीत, आणि मालकाचा नफाही नाही.

आता फेसबुकवर कोणीतरी म्हणतो ६० पौंड कॅश, आत्ता येतो. त्याने कुठेतरी पैसे वाचवलेच पाहिजेत. एकतर तो कचरा रात्री शेताच्या कडेला ओतणार, नाहीतर व्हॅनमधल्या दुसऱ्या माणसाला काही देणार नाही, बऱ्याचदा दोन्ही. कंपनीने सबकॉन्ट्रॅक्टरचा रेट पाडताना हाच हिशोब उलटा करून बघायला पाहिजे, कायदेशीर मजुरी त्यात बसतच नसेल तर तो रेट मान्य करणारा काय करतोय हे तुम्हाला कळलेलंच आहे, फक्त विचारायचं नाहीये. लंडन-लेस्टर-स्लाउकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी घर बदलताना हे जरूर लक्षात ठेवा. व्हॅनवाल्याचं वेस्ट कॅरिअर रजिस्ट्रेशन, म्हणजे कचरा वाहून न्यायची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट तपासता येतं, न तपासता कोणालाही कचरा दिला तर इंग्लंडमध्ये त्या घरात राहणाऱ्याला ६०० पौंडांपर्यंत दंड बसू शकतो. पावती घ्या, कॅश देऊ नका.

“असं सगळ्यांवर संशय घेत बसायचं का?”

हा आक्षेप मला योग्य वाटतो. एका घरात आठ जण राहतात म्हणून ते गुलाम होत नाहीत, आपल्याकडची पोरं पहिल्यांदा परदेशात जातात तेव्हा असंच राहतात, एका खोलीत चार गाद्या. एकच पत्ता हा पुरावा नाही, तो फक्त पुढचा प्रश्न विचारायचं कारण आहे. आणि तपासणी फक्त पोलिश किंवा फक्त सावळ्या माणसांची केली तर तो सरळ भेदभाव झाला आणि वर ब्रिटिश पीडित सुटणार. म्हणून एकच नियम सगळ्यांना, मॅनेजरच्या पुतण्यालासुद्धा.

सापडलं तर?

घाबरलेला मालक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे त्या कामगाराला काढून टाकतो आणि एजन्सीचा करार तोडतो. कंपनी स्वच्छ झाली असं त्याला वाटतं, पण तो माणूस त्याच संध्याकाळी त्याच घरात परत गेला, आता पगारही नाही आणि टोळीचा राग वेगळा. उद्या त्याला दुसऱ्या प्लँटवर उभा करतील.

तर काढायचं नाही. जो टोळीतला वाटतो त्या माणसाला जाब विचारायचा नाही, एजन्सीला फोन करून “तुमच्याकडे असं असं चाललंय” म्हणायचं नाही. जिवाला धोका दिसत असेल तर ९९९ हा पोलिसांचा तातडीचा नंबर, नसेल तर हेल्पलाइन, आणि फाइल, शिफ्टचं रेकॉर्ड, सीसीटीव्ही जपून ठेवायचं. त्या माणसाशी बोलायचंच झालं तर एकट्याशी, कामाच्याच काहीतरी निमित्ताने. तो पहिल्यांदा नाहीच म्हणेल. ज्याला मारहाणीची, घरच्यांना इजा करायची धमकी आहे तो अनोळखी मॅनेजरला चटकन कसं सांगणार?

हातमोजे कुठून येतात, आणि कचरा कुठे जातो

माणसांचं सांगून झालं, आता वस्तू थोडक्यात. पट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला रबरी मोजा बहुतेक मलेशियातून नाहीतर आजूबाजूच्या देशातून येतो. २०२० मध्ये अमेरिकेने मलेशियातल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या मोजे बनवणाऱ्या कंपनीचा माल जबरदस्तीच्या मजुरीच्या संशयावरून अडवायला सुरुवात केली, तिथले कामगार नेपाळ, बांगलादेशातून एजंटला भरमसाट पैसे भरून आलेले होते. कंपनीला ते पैसे कामगारांना परत द्यावे लागले, सुधारणा केल्यावर २०२१ मध्ये बंदी उठली. म्हणजे गिऱ्हाइकाने माल अडवला की फरक पडतो. पण तो अमेरिकेएवढा गिऱ्हाइक होता, पंचवीस व्हॅनवाल्याचं कोण ऐकणार? त्याने निदान कुठला ब्रँड आहे, कुठल्या कारखान्याचा आहे हे सप्लायरला लेखी विचारावं, सात पेनीचा मोजा तीन पेनीला मिळाला म्हणून खूश होऊ नये.

आणि कचरा प्लँटमधून पुढे जातो तेव्हाही साखळी संपत नाही. जुने लोकरी कपडे पानिपतला येतात, प्लास्टिक तुर्कस्तानला जातं, तिथे ते कोण वेचतं, किती पैशात, हे बहुतेक स्टेटमेंटमध्ये येतच नाही कारण सप्लाय चेन म्हटलं की सगळे माणसं आणि माल येतो त्याच दिशेला बघतात. मला हा सगळ्यात कच्चा दुवा वाटतो.

आपल्या त्या प्रश्नावलीचं काय?

भारतात वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे. सेबीने पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना जो बीआरएसआर नावाचा वार्षिक अहवाल सक्तीचा केलाय त्यातही जबरदस्तीच्या मजुरीबद्दल विचारलं जातं. आणि कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येते हे आपल्या कंत्राटी कामगार कायद्याने १९७० मध्येच सांगितलं होतं, ब्रिटनच्या कलम ५४ पेक्षा कितीतरी कडक. पळवाटा मात्र आपणपण शोधतो. मुंबईत कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना पालिका कित्येक वर्षं कामगार न म्हणता संस्थांचे स्वयंसेवक म्हणत होती, कचरा वाहतूक श्रमिक संघ कोर्टात लढत राहिला आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टातून २७०० जणांना कायम करायचा निकाल आला. ते गुलाम होते असं कोणी म्हटलेलं नाही, पण जबाबदारी एक पायरी खाली ढकलायची रीत तीच.

तेव्हा पुढच्या वर्षी ती प्रश्नावली आली की ‘नोकरीसाठी कामगाराकडून पैसे घेतले जातात का’ या रकान्यासमोर थांबा. तुमच्या इंजिनिअर्सकडून नसतील घेतले. पण गेटवर बारा-बारा तास उभा असणारा सिक्युरिटीवाला एजन्सीचा आहे, आणि युनिफॉर्मचे पैसे, डिपॉझिट, पहिल्या महिन्याचा पगार अडकवून ठेवणं हे या धंद्यात बऱ्याच ठिकाणी चालतं. हाऊसकीपिंगच्या मावशींचं एटीएम कार्ड त्यांच्याचकडे आहे का, पीएफ कापतात तो भरतात का, हे त्यांनाच विचारावं लागेल, सुपरवायझर शेजारी नसताना.